पडद्याआडचा हात आणि दिंकाचे लाडू

मला तोंडं लक्षात राहत नाहीत. हा म्हातारपणाचा दोष नाही, जन्माचा आहे. लग्न होऊन औरंगाबादेत आले त्या आठवड्यात मी नवरा समजून दिराच्या पानात दोनदा जास्तीचं तूप वाढलं, आणि खरे धनी समोर बसून कोरडी भाकरी चावत राहिले. पण हात मात्र मी विसरत नाही. कोणाचं मनगट गोल, कोणाचं चपटं, कोणाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं, कोण बांगडी सरकायच्या आधीच ‘आई गं’ म्हणून ओरडतं, हे सगळं माझ्या बोटांना पाठ आहे. कासारणीची अक्कल बोटांत असते. माझ्या बाबतीत तर ती बरीच वर्षं फक्त बोटांतच होती.

दिवाळी अंकवाल्यांनी कळवलं, ‘आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा.’ नात म्हणाली, “आजी, ती तुरुंगातली गोष्ट लिही.” मी तुरुंगात गेले नव्हते, नुसती दारापर्यंत जाऊन आले. पण नातवंडांना आजी तुरुंगात गेलेली जास्त आवडते.

आधी धंदा सांगते. काचेची बांगडी विकायची नसते, भरायची असते. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, तिला म्हणायचं, “अंगठा आत घ्या.” तिनं अंगठा तळव्यात मुडपला की पंजा निमुळता होतो. मग सांध्यावर आपल्या बोटांनी दाब देत, तिला बोलण्यात गुंतवून, बांगडी पलीकडे न्यायची. काच चांगली असेल आणि कासारीण वाईट असेल तर बांगडी मध्येच जाते. जाते म्हणजे फुटते, पण आमच्यात फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. माझ्या पहिल्या वर्षात इतक्या वाढल्या, की सासूबाई म्हणायच्या, “भागे, तू बांगड्या भरती का पेरती?”

आमच्या टोपलीला आणखी एक काम होतं. शहरात दिलेल्या लेकी माहेरी काहीबाही पाठवायच्या. बाळाचं टोपडं, लोणच्याची बरणी, जुन्या साडीची शिवलेली गोधडी. आम्ही दर आठवड्याला मोटारीनं सिल्लोडच्या बाजाराला आणि कधी पुढं सोयगावापर्यंत जायचो. लेकीबाळींना पत्र लिहिता येत नव्हतं, तेव्हा त्यांचं गाठोडं आमच्याकडे यायचं. त्याचे सासूबाईंनी घातलेले दोन नेम होते. पहिला, दुसऱ्याच्या गाठोड्याची गाठ सोडायची नाही. दुसरा, जिच्या हाताला आपण स्वतः बांगडी भरली तिचंच गाठोडं घ्यायचं. तिच्या हातात एक बांगडी चढवायची आणि त्याच जोडीतली दुसरी गाठोड्याच्या गाठीत अडकवायची. माहेरी आई ती बांगडी सोडून आधी हातात घेऊन बघायची, गाठोडं मागाहून. लेक भरली का वाळली, हे त्या बांगडीच्या मापावरून कळायचं.

सिल्लोडला एका कापूसवाल्याच्या बायकोला मी अशी बांगडी नेऊन दिली. लग्नात लेकीला दोन-आठचं माप लागलं होतं, ही निघाली दोन-चार.  बाईनं मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी उजाडताच बैलगाडी जोडली आणि थेट व्याह्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, म्हणाली, “माझी अर्धी लेक कुठं गेली?” लेकीला घेऊनच परतली. एवढी ताकद त्या एका बांगडीत होती, म्हणून घराघरातून आमच्या टोपलीला मान होता.

हा मान सासूबाईंनी अर्धं आयुष्य उन्हात चालून मिळवला होता. त्यांचे गुडघे धरले आणि टोपली माझ्या डोक्यावर आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. अंगात गर्व असा, की टोपलीपेक्षा मान जास्त जड.

एक दिवस शहागंजात शेरवानी घातलेला एक माणूस आडवा आला. अत्तराचा घमघमाट. म्हणाला, “आमच्या बेगमसाहेबांना चुड्या भरायच्या आहेत. सिल्लोडला त्यांच्या बहिणीला बाळ झालंय, लाडूही पाठवायचे आहेत.” मी त्याच्या मागं निघाले. एका गल्लीत घर, आत हिरव्या मखमलीचा पडदा. मी सवयीनं पडदा सारून आत जाऊ लागले तर त्यानं हात आडवा धरला.

“इथंच बसा. बेगमसाहेब कोणाच्याच समोर येत नाहीत. त्या हात बाहेर काढतील.”

जो वाचक आमच्या शहरात राहिला आहे, तो इथं कपाळावर हात मारून घेईल. जो राहिला नाही त्याला सांगते. पडदा पुरुषांपासून असतो. बाईपासून बाईचा पडदा नसतो. मी रोज दहा पडदानशीन घरांत थेट स्वयंपाकघरापर्यंत जात होते, त्यांच्या चुलीवरचा खिमा कोणत्या मसाल्याचा हे मला वासानं कळायचं. आणि तरी माझ्या डोक्यात काय आलं? अहाहा, किती उंची खानदान! बाईपासूनसुद्धा पडदा!

पडद्यातून हात आला. हात कसला, फळी होती. तळव्याला घट्टे. मी मनात म्हणाले, बेगम नमाजी असेल, सारखं जमिनीवर टेकून घट्टे पडले असतील. मनगटावर केस होते. म्हणाले, तुर्कस्तानकडची माणसं, थंड मुलखातली. माझी दोन-दहाची बांगडी बोटांच्या पेरांतच अडकली. टोपलीच्या तळाशी एका पहिलवानाच्या आईसाठी ठेवलेल्या दोन-बाराच्या बांगड्या होत्या, त्या काढल्या.

“बेगमसाहेब, अंगठा आत घ्या,” मी म्हणाले. हाताला कळेचना. पाची बोटं ताठ. शेवटी मीच तो अंगठा धरून तळव्यात दुमडला. “असा. आता असाच ठेवायचा.” दोन-तीनदा शिकवला तेव्हा कुठं जमलं. तिसरी बांगडी चढवताना वाढली आणि अंगठ्याच्या मुळाशी काच घुसली.

पडद्यातून घोगरा आवाज आला, “आय आय गं!”

शेरवानीवाला घाईनं म्हणाला, “बेगमसाहेबांची दाई मराठी होती.”

आणि मी? मला भरून आलं. एवढी मोठी बेगम आणि माझ्यासाठी मराठीत ओरडली!

लाल फडक्यात बांधलेला पितळी डबा घेतला, जोडीची बांगडी गाठीत अडकवली, आणि मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जाताना भेटेल त्याला ही कथा सांगत सुटले. पानवाल्याला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, मोटारीच्या ड्रायव्हरला तर दोनदा. एकच व्यक्ती वगळली, ती म्हणजे अमीनाखाला. सासूबाईंची ही जुनी मैत्रीण आमच्या मागच्याच गल्लीत राहायची, तिचे मालक हिमरूचं नक्षीचं कापड विणायचे. तिला माझ्या बेगमेचा हेवा वाटेल, म्हणून दया करून मी तिला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

शहराबाहेर नाक्यावर मोटार थांबायची. कासारणीच्या टोपलीला कोणी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी नेमका आबकारीचा नवा इन्स्पेक्टर हजर. बारीक मिशीचा, बारीक नजरेचा.

“यह डिब्बा किसका?”

“बेगमसाहेबांचा.”

“कौन बेगम?”

“नाव नाही विचारलं.”

“दिखती कैसी है?”

“हात चांगला आहे.”

डबा उघडला. वर दिंकाच्या लाडवांचा एक थर. एक लाडू त्यानं फोडला, चांगला निघाला, तुपाचा वास सुटला. मग खालचा फोडला. वरून खोबऱ्याचा कीस, आतून काळाभोर, चिकट. वास सगळ्यांच्या ओळखीचा. त्या काळी घरोघर अफूची ओळख होती, रडक्या बाळाच्या गुटीत कणभर, म्हाताऱ्याच्या खोकल्यावर कणभर. पण ती परवान्याच्या दुकानातून आणायची. डबाभर अफू बिनपरवाना नेणं म्हणजे सरळ तुरुंग. निजामाच्या मुलखातून खानदेशाकडे इंग्रजांच्या हद्दीत ती चोरून जायची, आणि नेणाऱ्यांना बायकांच्या टोपल्या फार सोयीच्या. मी नेम मोडून, गाठ सोडून, नुसते दोन लाडू खाल्ले असते तर वाचले असते. धंद्यातल्या इमानाची मला त्या दिवशी फार चीड आली.

मला चौकीत नेलं. सासूबाई लंगडत आल्या, बरोबर अमीनाखाला.

“भागे, गाठ सोडली व्हती का तू?”

“नाय.”

“बांगडी तूच भरली?”

“व्हय.”

“मग रडती कशाला? नेमानं वागली ना?”

मी हुंदके देत सगळी हकिकत सांगितली. पडद्यापाशी आले तेव्हा अमीनाखालाचा चेहरा बदलला. केसांपाशी आले तेव्हा तिनं ओढणी तोंडात कोंबली. ‘आय आय गं’ ऐकल्यावर ती चौकीच्या भिंतीला टेकून हसत हसत खालीच बसली.

“अगे दीवानी! औरत से औरत का पर्दा कायकू? तेरी सास कू कभी भायेर बिठाई क्या मैं?”

मग एकदम तिचं हसू थांबलं. सासूबाईंकडे बघून हळू म्हणाली, “बहन, ये सच्ची है, पन कौन मानता? पर्देवाले घरां में रोज जानेवाली कासारन ऐसी भूल करती, ये कोई नै मानता.”

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या दिवसापर्यंत माझा मूर्खपणा फुकट होता, आता त्याच्यावर माझं सगळं अडकलं होतं. मी तुरुंगात गेले असते तर टोपलीही गेली असती. बातमी फिरली आणि दोन घरांनी आपापली गाठोडी परत मागवलीसुद्धा. सासूबाईंनी ती स्वतः नेऊन दिली. परत आल्यावर त्या बांगड्या पुसत बसल्या, गिऱ्हाईक नव्हतं तरी.

खालाच्या मालकांनी जामीन दिला. ते अबोल होते. एवढंच म्हणाले, “बेटी, हिमरू में एक धागा गलत गया तो दिखता. तेरा तो पूरा थान गलत है.” इन्स्पेक्टरनं ते घर शोधलं, पण घर रिकामं होतं, पडद्याचा फक्त खिळा राहिला होता.

मग मी मुन्सिफसाहेबांसमोर, म्हणजे न्यायाधीशांसमोर, उभी राहिले. कोर्ट उर्दूत चालायचं. मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, सगळं समजत होतं, म्हणून जास्त भीती. इन्स्पेक्टरनं नेमकं तेच मांडलं: ही बाई रोज पडद्याच्या घरात जाते, हिला रीत माहीत आहे, तेव्हा बेगम हे सगळं रचलेलं आहे.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “क्या कहना है?”

“हुजूर, मी चोर नाही, बेअक्कल आहे.”

“कोई गवाह?”

“सगळा बाजार, हुजूर.”

आणि खरंच आले. गिरणीवाला म्हणाला, हिनं माझं जातं बंद करायला लावून बेगमेची गोष्ट ऐकवली. ड्रायव्हर म्हणाला, दोनदा ऐकवली, आणि दुसऱ्यांदा बेगम नवाबाच्या नात्यातली झाली होती. पानवाला म्हणाला, “हुजूर, ही बोलली की बेगमचा हात लोण्यासारखा मऊ.”

साहेबांनी कागद चाळले. “तुझ्या जबानीत लाकडासारखा आहे. लोणी की लाकूड?”

“लाकूड, हुजूर. लोणी ही फुशारकी होती.”

कोर्टात खसखस पिकली. साहेबही हसले असावेत, कारण रुमाल तोंडाला लावला. पण रुमाल काढला तेव्हा चेहरा गंभीर होता. म्हणाले, बेअक्कलपणा दिसतो आहे, पण बेअक्कलपणाचं सोंगही आणता येतं. बेगम कुठं आहे? ती सापडली नाही तर डबा तुझाच.

इन्स्पेक्टर बारीक नजरेचा असला तरी सरळ माणूस होता. शेजाऱ्यांकडून त्याला कळलं होतं, की त्या घरातली पेटी आणि पडदा मोटार-अड्ड्यावरच्या कुणा हमालानं नेला. अड्ड्यावर पाच हमाल होते, पाचही जण नाकारत होते. इन्स्पेक्टर म्हणाला, पाचही बाहेर बसवलेत, पण हिनं चेहरा पाहिलेला नाही.

“हुजूर,” मी म्हणाले, “चेहरा दाखवला तरी मला ओळखता येणार नाही. हात दाखवा.”

 साहेबांनी टेबलावरचं हिरवं कापड काढून दारात धरायला लावलं. मी टोपली घेऊन अलीकडे बसले. सासूबाई मागं उभ्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

पहिला हात आला. घट्टे होते, केस होते. मी धरला तर पाची बोटं ताठ, खुरप्यासारखी. दुसरा तसाच. तिसऱ्याला गुदगुल्या झाल्या. चौथ्याची मूठच सुटेना. माझं धैर्य खचत चाललं. हमालांचे हात सगळे सारखेच, ओझ्यानं एकाच साच्यात घातलेले.

पाचवा आला. मी दोन-बाराची बांगडी घेतली आणि बोटांना टेकवली. काही बोलले नाही. त्या हातानं आपला आपण अंगठा तळव्यात घेतला.

मी तिथंच थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाला काही शिकवलं होतं आणि ते त्याच्या लक्षात राहिलं होतं.

“हाच, हुजूर.”

अंगठ्याच्या मुळाशी अर्ध्या चंद्रासारखी जखम, नुकती खपली धरलेली. कापडामागून घोगरा आवाज आला, “बाई, त्या दिशी लई लागलं वो.”

त्याचं नाव किसन. त्यानं सगळं सांगून टाकलं. शेरवानीवाल्यानं त्याला नुसता हात द्यायला बोलावलं होतं, कारण कासारीण बांगडी भरल्याशिवाय गाठोडं नेत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आत काय आहे याची किसनला कुणकुण होती, पण पुरतं ठाऊक नव्हतं. शेरवानीवाला दौलताबादेत सापडला, शेरवानीसकट. साहेबांनी मला सोडलं. निकाल वाचताना म्हणाले, “मुलज़िमा बरी,” म्हणजे आरोपी निर्दोष. “इज्जत का फैसला इसकी सास करेगी.”

सासूबाईंनी फैसला गुलमंडीत केला, भर बाजारात. टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि स्वतः लंगडत पुढं चालल्या. ज्या दोन घरांनी गाठोडी परत नेली होती, त्यांच्या दारात थांबून म्हणाल्या, “ही आमची सून. हिला अक्कल नाय, हे कोर्टात सिद्ध झालंय. इमान हाय, हे बी झालंय. बांगड्या भरायच्या का?” एका घरानं भरल्या, दुसऱ्यानं आठ दिवसांनी बोलावलं. त्या दिवसापासून आमच्या धंद्याला तिसरा नेम लागला: पडद्याबाहेर बसवलं तर उठून यायचं. अमीनाखाला मात्र मरेपर्यंत मला दारात बघितलं, की पडद्यातून फक्त हात बाहेर काढायची आणि आतून ओरडायची, “आय आय गं!”

या गोष्टीवर माझी नातवंडं हसतात, मीही हसते. एक सल राहिला. किसनला काही महिने तुरुंग झाला. मोठा चोर तो नव्हता, गरजू होता, आणि ज्या खुणेवरून तो पकडला गेला ती मीच त्याला शिकवली होती. त्याला तान्ही लेक होती, हे मला मागाहून कळलं.

पुढं राज्य बदललं, आम्ही दुकान घातलं, तरी बाजाराची फेरी चालूच होती. एक दिवस एक माणूस लेकीला लग्नाचा चुडा भरायला घेऊन आला. तोंड अर्थातच ओळखलं नाही. पोरगी बिचकून हात ताठ धरून बसली. मी काही बोलायच्या आधीच पायरीवरून आवाज आला, “अंगठा आत घे बाय, नायतर वाढंल.”

पुरुषांना हे माहीत नसतं. मी वर पाहिलं. तो घोगरा आवाज, आणि पायरीवर टेकलेल्या हातावर तो अर्धा चंद्र.  मी पोरीच्या हातात हिरवा चुडा भरला, वर एक बांगडी जास्तीची चढवली.

सहा महिन्यांनी तो एकटा आला. हातात लाल फडक्यात बांधलेला डबा. लेक सोयगावात नांदत होती, दिवस गेले होते. “तिची आई नाय,” तो म्हणाला, “लाडू मीच केलेत. तुम्ही नेता का, इचाराया आलो.”

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांदेखत डब्याची गाठ सोडली. सगळ्या धंद्यात मी सोडलेली ही एकच गाठ. वरचा थर बाजूला सारला, तळातला एक लाडू काढला आणि खाल्ला. गूळ थोडा जास्त होता, पण दिंक चांगला फुलला होता.

“नेते,” मी म्हणाले. “पण आमचा नेम माहीत आहे ना? पाठवणाऱ्याच्या हातात बांगडी भरल्याशिवाय गाठोडं जात नाही.”

मी खाली वाकून दोन-बाराचं खोकं काढलं. वर पाहते तर किसननं हात पुढं केला होता, सगळ्यांसमोर, आणि अंगठा आत होता.